तिळा जेवत नव्हती

मागच्या पावसाळ्यात कित्येक आठवडे मी रोज रात्री जेवण उरकलं की टाकीसमोर खुर्ची ओढून बसायचो आणि तिळाला, म्हणजे माझ्याकडच्या सापासारख्या लांबड्या ईल माशाला, कोळंबी दाखवायचो. सोललेली कोळंबी, नखाएवढा तुकडा, लांब चिमट्यात धरलेला. ती पाइपातनं नाक बाहेर काढायची, वास घ्यायची, कधी कधी तुकड्याला तोंड पण लावायची, आणि मग मागच्या मागं परत आत. आई म्हणायची, आरं नको असंल तिला, उद्या खाईल की. उद्या पण नाही खायची.

हे आता सविस्तर लिहितोय कारण त्यानंतर सांगली-मिरजेत अजून दोन घरांत मी अशीच ईल बघितली, दोन्हीकडं साध्या नळाच्या पाण्यात ठेवलेली, आणि त्यातली एक माझ्या सांगण्याआधीच गेली होती.

तर, जूनमध्ये एका दुकानात गेलो होतो, फिल्टरचा स्पंज आणायला. तिथं कोपऱ्यातल्या टाकीत ही होती, वीतभर लांब, करंगळीएवढी जाड, मातकट तपकिरी रंग आणि अंगभर बारीक बारीक पिवळट-पांढरे ठिपके. विटेखालनं फक्त डोकं बाहेर आणि तोंड सारखं उघडतंय मिटतंय. मी तिथंच उकिडवा बसलो आणि अर्धा तास उठलोच नाही. दुकानदार म्हणाला कोलकात्याहून आलीय, गोड्या पाण्यातली स्नोफ्लेक ईल आहे, काय करायला लागत नाही, टाका टाकीत. मी विश्वास ठेवला आणि आठशे रुपये देऊन पिशवीतनं घरी आणली.

खरी स्नोफ्लेक ईल म्हणजे एकिडना नेब्युलोसा, ती समुद्रातली, प्रवाळात राहणारी, पांढऱ्या अंगावर काळी नक्षी. माझ्याकडं आलेली वेगळीच निघाली, तिचं शास्त्रीय नाव जिम्नोथोरॅक्स टिले. गंगेच्या माशांवर काम केलेल्या फ्रान्सिस हॅमिल्टननं 1822 साली या जातीचं वर्णन केलंय. टिले हे नाव वाचलं आणि अंगावरचे ठिपके बघितले, अगदी पांढरे तीळ सांडल्यासारखे, म्हणून मी तिला तिळा म्हणायला लागलो आणि मग घरात सगळेच म्हणायला लागले.

ही मोरे ईलच्या कुटुंबातली. मोरे म्हटलं की आपल्याकडं लगेच जावळीचे मोरे आठवतात, साताऱ्याचा मित्र तर फोनवर दोनदा म्हणाला मोरे कोण आलंय रे घरी, पण हा शब्द लॅटिन मुरेनावरनं पोर्तुगीजातून फिरत आलेला आहे. या कुटुंबात सुमारे 200 जाती आहेत. सगळ्यात नावाजलेली जायंट मोरे, तीन मीटरपर्यंत लांब आणि 30 किलोपर्यंत वजन. माझी तिळा त्या मानानं लहानखुरी, ही जात साधारण दोन फुटांपर्यंत वाढते.

वडील मूळचे हरिपूरचे, कृष्णा-वारणेच्या संगमावर गळ टाकत मोठे झालेले, त्यामुळं लांबडा मासा दिसला की त्यांचं लक्ष जातंच. चष्मा लावून काचेला नाक टेकवून त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "वाम न्हवं ही. वामीच्या पाठीवर काटं असत्यात." बरोबर होतं त्यांचं. आपल्या नदीतली वाम दिसायला ईलसारखी असली तरी खरी ईल नाही, पाठीवर काट्यांची रांग असते म्हणून तिचा गट वेगळा. (कोकणात वाम म्हणून विकतात तो परत तिसराच मासा, समुद्रातला.) मोरेला पाठीवर काटे नाहीत, छातीजवळचे पर नाहीत, पोटाखालचे नाहीत, अंगावर खवले पण नाहीत, पाठीपासनं शेपटी वळून पोटाकडं येणारी एकच सलग झालर. अंगभर बुळबुळीत थर, तोच तिचं चिलखत. त्या थरामुळंच ती दगडाच्या खडबडीत फटीतनं न खरचटता जाते आणि अडचण आली तर तशीच उलटी मागं पण येते.

पाहुणे आले की तिचं ते आ वासणं बघून पहिला प्रश्न हाच, चावायला बघतीय काय? मला याचं फार वाईट वाटतं, कारण त्या एका सवयीमुळं या माशाला दोन हजार वर्षं बदनाम केलंय. रोमन लोक मोरे पाळायचे, आणि व्हेडियस पोलियो नावाच्या श्रीमंतानं गुलामांना शिक्षा म्हणून मोरेंच्या हौदात टाकायचा प्रकार चालवला होता अशी नोंद आहे. क्रूर माणूस होता आणि नाव माशाचं झालं. प्रत्यक्षात ती श्वास घेत असते. बाकी माशांना कल्ल्यांवर मोठी झाकणं असतात, ती हलवून ते पाणी आत-बाहेर करतात. मोरेला झाकण नाही, डोक्यामागं दोन्ही बाजूंना एकेक बारकं गोल भोक असतं बस्स, मग पाणी तोंडानं भरून घ्यायचं आणि घशातनं दाबून त्या भोकांतनं बाहेर काढायचं, दिवसरात्र, मिनिटाला कितीतरी वेळा. तिळा शांत झोपल्यासारखी असते तेव्हा पण तोंड हलतच असतं. हे एकदा समजलं की तिच्या चेहऱ्याकडं बघायची नजर बदलते, निदान माझी तरी बदलली.

चावते पण, ते खरं आहे, आणि जोरात चावते. नजर अधू, सगळा कारभार वासावर. नाकाच्या टोकाला दोन नळ्या पुढं आलेल्या असतात, छोट्या शिंगांसारख्या, पाणी त्यातनं आत जातं आणि वास कळतो. मासळीचा वास असलेलं बोट आणि मासळी यातला फरक तिला अंधारात कळत नाही, मोठ्या मोरेला हातानं भरवताना पाणबुड्यांची बोटं गेल्याचे प्रकार झालेत. म्हणून चिमटा, कायम लांब चिमटा.

आणि जबडा! यावर मी तासभर बोलू शकतो. मोरेला दोन जबडे असतात. एक आपल्याला दिसतो तो, आणि दुसरा आत घशात, डोक्याच्या मागच्या बाजूला दडलेला, त्याला पण आत वळलेले तीक्ष्ण दात. घशात दात बऱ्याच माशांना असतात, आपल्या रोहू-कटल्याला पण असतात, पण ते जागेवर राहून चुरायचं काम करतात. मोरेचा आतला जबडा जागा सोडून पुढं येतो. 2007 साली कॅलिफोर्नियात रिटा मेहता आणि पीटर वेनराइट यांनी वेगवान कॅमेऱ्यावर हे चित्रित केलं आणि नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात छापलं तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं की पुढच्या जबड्यानं भक्ष्य पकडून ठेवलं की आतला जबडा झपकन पुढं सरकतो, त्यात दात रुतवतो आणि घशाकडं ओढून नेतो. विहिरीत पडलेली घागर काढायला गळ सोडतात ना, तसं. असं का लागतं, तर बाकीचे मासे तोंड एकदम मोठं करून पाण्याबरोबर भक्ष्य आत ओढून घेतात, त्यासाठी डोकं फुगायला जागा पाहिजे, आणि मोरेचं आयुष्य फटीत जातं, तिथं डोकं फुगवणार कुठं. फटीत राहायचं म्हणून अंग बारीक झालं आणि अंग बारीक झालं म्हणून गिळायची सगळी रीतच वेगळी. मला हे इतकं सुंदर वाटतं की पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मी धाकट्या बहिणीला झोपेतनं उठवून सांगितलं होतं.

एवढं सगळं वाचून झालं आणि समोरची मात्र एक घास खात नव्हती. पहिल्या आठवड्यात दोनदा खाल्लं होतं तेवढंच. मोरे ईल काही आठवडे उपाशी राहू शकते त्यामुळं लगेच काय होत नाही, आणि तोच घोटाळा आहे, माणूस म्हणतो नवी जागा आहे, रुळेल. पाणी बदललं, लाइट कमी केला, पीव्हीसी पाइपाचे तुकडे टाकले लपायला, कोळंबी सोडून बांगडा आणला. अंगावरचा थर जागोजागी पांढुरका, जाळीसारखा दिसायला लागला. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला औषध टाका. मी टाकलं नाही, आणि ते एक बरं केलं.

मग बसून ही जात नेमकी राहते कुठं ते शोधलं. ती राहते नद्यांच्या मुखाशी. खाडीत, चिखलात, खारफुटीच्या मुळात, जिथं भरतीला समुद्र आत येतो आणि ओहोटीला नदी बाहेर जाते. कधीकधी ती गोड्या पाण्यात सापडते पण तिथं कायम राहत नाही. तिला गोड्या पाण्यात जन्मभर ठेवणं म्हणजे हळूहळू मारणं आहे, आणि दुकानात तर तीच ओळख सांगून विकतात.

हे का होतं ते आपल्या भागात समजवायला फार सोपं आहे. तासगावचा बेदाणा रात्रभर पाण्यात टाकला की सकाळी फुगतो, कारण आत साखर जास्त आणि बाहेर काही नाही, पाणी आत घुसतं. आणि कैरीच्या फोडी मिठात घातल्या की पाणी सुटून सुरकुततात. माशाच्या रक्तात पण मीठ असतं, लिटरला साधारण नऊ-दहा ग्रॅम धरा, समुद्राच्या पाण्यात 35 ग्रॅम. म्हणजे समुद्रात मासा कैरीसारखा आणि नदीत बेदाण्यासारखा. समुद्रातला मासा म्हणून सारखं पाणी पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यातल्या खास पेशींनी बाहेर टाकतो, नदीतला मासा पाणी पीत नाही, भरपूर पातळ लघवी करून आत शिरलेलं पाणी काढतो आणि कल्ल्यातनं मीठ आत ओढून घेतो. खाडीतल्या माशाला दोन्ही थोडंथोडं जमतं, भरती-ओहोटीपुरतं. पण रोज चोवीस तास फक्त बेदाणा होऊन राहायचं म्हटलं तर सगळी ताकद पाणी उपसण्यातच जाते, मग भूक कुठली लागणार.

कळलं त्या रात्री मला झोप आली नाही. महिनाभर मी तिला बुडवत होतो, मासा असून.

मीठ घालायचं ठरलं, पण कसं. घरातलं मीठ नाही चालत, त्यात नुसतं सोडियम क्लोराइड. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असं बरंच काय काय असतं, ते असलेलं मरीन सॉल्ट वेगळं मिळतं, ते ऑनलाइन मागवलं. एकदम घालून पण चालत नाही, मासा एकवेळ सहन करेल पण फिल्टरमधले जिवाणू, जे माशानं बाहेर टाकलेला अमोनिया संपवतात, ते एकदम खारं पाणी आलं की मरतात आणि मग अमोनियानं मासा जातो. माझी टाकी तीन फुटी, पाणी साधारण 120 लिटर. दर आठवड्याला पाणी बदलताना लिटरला दोन ग्रॅम वाढेल या हिशेबानं 240 ग्रॅम मीठ बादलीत आधी पूर्ण विरघळवून, मग सावकाश टाकीत. चुलतभाऊ द्राक्षवाला, त्याच्याकडं ब्रिक्स, म्हणजे द्राक्षातली साखर, बघायचा रिफ्रॅक्टोमीटर आहे, त्यानं लगेच आणून दिला, पण तो साखरेचा स्केल, मिठाचं माप त्यावर नीट कळत नाही, म्हणून मिठाचा वेगळा घेतला. भाऊ मात्र दर रविवारी यायचा आणि काचेवर थेंब टाकून उजेडाकडं धरून स्वतःच वाचायचा, दोन आलं, चार आलं, जणू बागेची साखर बघतोय.

(मिठावरनं मामा आठवतो. वाळव्याकडं त्याचं रान क्षारपड झालं, उसाला पाणी देऊन देऊन, आता वर पांढरी खपली येते आणि काही उगवत नाही. त्यानं टाकी बघितली आणि मिठाची बादली बघितली आणि बराच वेळ गप्पच बसला.)

लिटरला सहा ग्रॅम झालं तेव्हा अंगावरची पांढरी जाळी गेली. आठ झालं तेव्हा ती दिवसा पण पाइपाबाहेर अर्धी येऊन बसायला लागली. मी अजून रोज चिमटा घेऊन बसतच होतो. आणि एका गुरुवारी रात्री, बाहेर धो धो पाऊस, लाइट गेलेले, बॅटरीवरचा एअर पंप लावला होता आणि मोबाइलचा उजेड भिंतीवर पाडला होता, कोळंबीचा तुकडा पाइपाजवळ नेला आणि नाकाच्या नळ्या हलल्या, ती बाहेर आली, एकदा चुकली, तुकड्याच्या शेजारी चावली, आणि दुसऱ्यांदा धरला. गिळताना काही आतला जबडा दिसत नाही डोळ्याला, फक्त तुकडा दोन टप्प्यांत गेला, एकदा आत आणि मग थांबून परत एकदा आत, आणि मला माहीत होतं तो दुसरा टप्पा कशाचा आहे ते. मी आईला हाक मारली तर माझा आवाज असा आला की ती घाबरून पळत आली.

आता बारा ग्रॅमवर ठेवलंय, म्हणजे समुद्राच्या एक तृतीयांश, रक्ताच्या जवळपास. आठवड्यातनं दोनदा खाते, कोळंबी, बांगडा, तिसऱ्या, आलटून पालटून, कारण नुसत्या कोळंबीवर ठेवलं तर बी-1 जीवनसत्त्व कमी पडतं. तुकडा मोठा पडला तर अंगाची गाठ मारते, खरोखरची गाठ, शेपटीकडनं सुरू करून ती गाठ डोक्याकडं सरकवत आणते आणि तिच्यावर रेटा देऊन घास फाडते. हात नाहीत, पर नाहीत, तर स्वतःच्याच अंगाचा टेकू. मोठ्या मोरेचं तर अजून एक ऐकण्यासारखं आहे, तांबड्या समुद्रात एक कोरल ग्रुपर मासा तिच्या फटीसमोर येऊन डोकं हलवून तिला शिकारीला बोलावतो, ग्रुपर उघड्यावर पकडणारा आणि ही फटीत शिरणारी, त्यामुळं लपायला जाणाऱ्या माशाला दोन्हीकडनं अडचण. रेदुआन बशारी यांच्या चमूनं 2006 मध्ये हे प्रसिद्ध केलं. दोन वेगळ्या जातींचे मासे ठरवून शिकार करतात! बोलावल्यावर मोरे खरंच बाहेर येते.

झाकणाचं पण सांगतो, कारण यात पुष्कळ ईल जातात. पाइप जायला ठेवलेल्या दोन बोटांच्या फटीतनं ती ऑक्टोबरमध्ये रात्री बाहेर पडली, पहाटे आई पूजेला उठली तर देवघराच्या पाटाशेजारी, धुळीनं माखलेली. ओल्या फडक्यात धरून टाकीत सोडली, दहा मिनिटं हलली नाही आणि मग तोंड उघडलं. त्या बुळबुळीत थरानं आणि कल्ल्यांत राहिलेल्या ओलीनं वाचली. तेव्हापासनं प्रत्येक फटीत स्पंज आणि झाकणावर दोन फरशा.

एक गोष्ट मनातनं जात नाही. या जातीची पैदास टाकीत होत नाही. मोरेची अंडी उघड्या समुद्रात फुटतात आणि पिल्लू ईलसारखं दिसतच नाही, पारदर्शक चपटं पान असतं, वहीत ठेवलेल्या पिंपळपानासारखं, आणि ते प्रवाहाबरोबर वाहत वाहत मोठं होतं आणि मग रूप बदलून किनाऱ्याला लागतं. म्हणजे दुकानातली प्रत्येक तिळा कुठल्यातरी खाडीतनं धरून आणलेली. मी दुसरी घेणार नाही.

वडिलांना या पानासारख्या पिल्लाचं चित्र दाखवलं तेव्हा त्यांना अहिर आठवली. अहिर म्हणजे आपल्या नदीतली खरी ईल, मोरेच्याच गणातली, तिचं पण पिल्लू असंच पान असतं आणि ते समुद्रातच जन्मतं. मग ती नदी चढून वर येते, वर्षानुवर्षं वाढते आणि शेवटी अंडी घालायला परत समुद्राकडं जाते. वडील सांगतात त्यांच्या लहानपणी हरिपूरच्या डोहात गांडूळ लावून मनगटाएवढी अहिर निघायची, आता कित्येक वर्षांत बघितली नाही. हिशेब केला आम्ही. महाबळेश्वरापासनं बंगालच्या उपसागरापर्यंत कृष्णा साधारण 1400 किलोमीटर, आणि सांगलीच्या खाली अलमट्टी, नारायणपूर, जुराळा, श्रीशैलम, नागार्जुनसागर, मग विजयवाड्याचा प्रकाशम बॅरेज. एवढ्या भिंती चढून यायचं अहिरनं.

"म्हंजी ही तिकडची," वडील टाकीकडं बघत म्हणाले, "आपलंच पाणी खारट हुतंय तिथली." तिळा नेमकी कुठल्या नदीच्या तोंडाची ते कुणी सांगणार नाही आता, पण समुद्र तोच. ते तेव्हापासनं रोज सकाळी आयर्विन पुलावरनं फिरून आले की आधी तिच्याकडं जातात.

आत्ता साडेअकरा झालेत, टाकीचा लाइट बंद केलाय, वाटीत बांगडा वितळायला ठेवलाय आणि पाइपातनं नाकाच्या दोन नळ्या बाहेर आल्यात. चिमटा वडिलांनी कुठं ठेवलाय तो शोधतो.